लिफ्टमधली तिसरी नोंद

माणूस आणि जनावर यांच्यात फरक एवढाच, की कुठे करायचं आणि कुठे नाही हे माणसालाही एकदा शिकवावं लागलं होतं, आणि ते तो साफ विसरून गेला आहे. बाकीची संस्कृती, म्हणजे न्यायालयं, बागा, गळ्यातले टाय आणि सभेच्या शेवटी होणारं आभारप्रदर्शन, हे सगळे त्या एका शिकवणीवर नंतर चढवलेले मजले. पाया मात्र ओलाच असतो.

हे तत्त्व आबांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एकोणिसाव्या मजल्यावर कळलं.

आबा म्हणजे फरशी मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. न्हाणीघराचा ढाळ त्यांच्या हातचा असला की पाणी सांगितल्याबरोबर मोरीकडे जायचं. (पोटची मुलंसुद्धा इतकी ऐकत नाहीत, असं ते म्हणायचे, मुलगा समोर असला तर जरा मोठ्याने म्हणायचे.) अक्षरओळख झाली ती एकसष्टाव्या वर्षी, बाल्कनीतून एका फरशी कंपनीची पाटी वाचत बसण्याच्या नादातून. मग नात पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावर दोघं एकदमच बसले. नात पुढे पाचवीत गेली. आबा पहिली पक्की करत राहिले.

उशिरा शिकलेल्या माणसात एक खोट असते. जे जे छापलेलं, ते ते त्याला खरं वाटतं. लहानपणी शिकलेल्यांना छापील गोष्टींवरचा विश्वास उडवायला चाळीस-पन्नास वर्षं मिळालेली असतात. आबांना तेवढा वेळ मिळाला नव्हता.

घरात पिल्लू आलं ते नातीच्या हट्टापायी. पहिल्याच दिवशी त्याने मुलाचा मोजा अर्धा गिळला, म्हणून त्याचं नाव मोज्या. मुलगा आणि सूनबाई दिवसभर कामावर, नात शाळेत, तेव्हा मोज्याला वळण लावण्याची जबाबदारी घरच्या बैठकीत एकमताने आबांवर सोपवण्यात आली. (आबा त्या वेळी झोपले होते.) सोबत जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेली एक पुस्तिकाही त्यांच्या उशाशी ठेवण्यात आली.

पुस्तिका उत्तम होती. पाचवा नियम असा: 'पिल्लू उठल्यावर, जेवल्यावर व खेळल्यावर त्यास तात्काळ अंगणात न्यावे.' ज्याने हे लिहिलं त्याला अंगण होतं, यात शंका नाही. आबांनी मापं घेणारा माणूस या नात्याने 'तात्काळ' मोजून पाहिलं. दारापासून लिफ्ट अकरा पावलं. लिफ्ट वर यायला सरासरी चार मिनिटं. खाली जायला सहा, कारण बाराव्या मजल्यावरचे लोक दार धरून निरोप घेतात. तिथून पार्किंगमागच्या गवताच्या तुकड्यापर्यंत तीन. एकूण तेरा. मोज्याचा धीर मात्र, त्याच घड्याळात, दोन मिनिटांचा निघाला. तेरातून दोन गेले, उरली अकरा. ही अकरा मिनिटं पिल्लाने कशी काढावीत याबद्दल पुस्तिकेत एक ओळ नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्या अकरा मिनिटांचा निकाल लिफ्टमध्ये, सातव्या मजल्याच्या आसपास लागला.

सोसायटीचे सेक्रेटरी तत्पर गृहस्थ. संध्याकाळच्या आत दाराखालून कागद सरकला: 'पाळीव प्राण्याने सामायिक जागेत घाण केल्यास नोंद घेण्यात येईल. तीन नोंदी झाल्यास सदर प्राणी इमारतीबाहेर काढण्यात येईल. नोंद क्रमांक एक.' नातीने कागद मोठ्याने वाचला, मग परत मनात वाचला. मोज्याला उचलून तिने शाळेच्या स्वेटरच्या आत घातलं, आणि त्याला बाहेर काढायला जेवणाच्या वेळेपर्यंत तयार झाली नाही.

"बाहेर काढतील म्हणजे कुठे?" आबांनी सूनबाईंना हळूच विचारलं.

"यांच्या मावसभावाच्या गोदामावर. राखणीला हवंच आहे म्हणे त्यांना एक."

"साखळीने बांधून?"

"मग काय खुर्ची देणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी आबांनी तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. दिवसाला नऊ फेऱ्या. रकाने चार: वेळ, स्थळ, निकाल, शेरा. आयुष्यभर कागद दिसला की अंगठा पुढे करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला तो पहिला दस्तऐवज. त्यातले काही उतारे असे: 'सहा दहा. गवत. यश.' 'सव्वाआठ. गवत. नुसता विचार केला.' 'साडेदहा. घरात. सूनबाईंची चप्पल, डावी.' 'साडेदहा पाच. घरात. सूनबाई खूप बोलल्या.'

नवव्या नियमात म्हटलं होतं, की प्रत्येक वेळी एकच विशिष्ट आवाज करावा, म्हणजे सवय लागते. आबांनी जगातली प्रत्येक आई जो करते तोच आवाज निवडला. गवताशी उभे राहून ते ओठांचा चंबू करत आणि लांबलचक 'स्स्सूऽऽऽ' म्हणत. दिवसाला नऊ वेळा, ऊन असो वा वारा. वॉचमन पहिले काही दिवस तोंड फिरवून हसायचा. पुढे तोही खुर्चीतून उठून कुठेतरी जाऊन येऊ लागला. सवय लागते, असं पुस्तिकेत होतं. कोणाला लागते, ते लिहिलेलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा पाणी सापडलं. कोणी पाहिलं नव्हतं, पण इमारतीत बदनाम एकच होता. आबा तक्ता घेऊन सेक्रेटरींकडे गेले. त्या वेळेच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'घरात. झोप. घोरणं.'

"आबा," सेक्रेटरी म्हणाले, "पिल्लू तुमचं, तक्ता तुमचा, अक्षरही तुमचंच. चोराच्या वहीवर कोतवालाने सही करायची का?"

नोंद क्रमांक दोन.

त्यानंतर आबांनी कंबर कसली. आणि खरं सांगायचं तर मोज्याने त्यांच्यापेक्षा जास्त कसली. पस्तिसाव्या दिवसापासून त्याची एकही चूक नाही. लिफ्टमध्ये तो निकालाला निघालेल्या मुलासारखा ताठ बसायचा, प्रत्येक मजल्याच्या आकड्याकडे बघायचा, आणि गवत आल्याशिवाय स्वतःला मोकळं सोडायचा नाही. आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नऊ फेऱ्या, एकोणीस मजले, खाली आणि वर. या गडबडीत एक किरकोळ बाब मागे पडली. तक्त्यात मोज्यासाठी रकाना होता. आबांसाठी नव्हता. सत्तरी उलटल्यावर अशा कामात चालढकल करू नये, असं त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण तोंडी सांगितलं होतं, छापून दिलं नव्हतं.

एका मंगळवारी, दुपारी चार वाजता, मोज्या गवतावर यशस्वी झाला. आबांनी खिशातल्या पेन्सिलीने तिथल्या तिथे नोंद केली. मग दोघं लिफ्टमध्ये शिरले. आबांच्या पोटात दोन कप चहा होता आणि तिसऱ्याचा अर्धा. चौदा आणि पंधराच्या मध्ये लिफ्टने एक उचकी दिली आणि थांबली.

आबांनी लाल बटण दाबलं. माणसाचा आवाज आला नाही. बटणावरच्या जाळीतून संथपणे, न थांबता, एकच आवाज येऊ लागला: 'स्स्सूऽऽऽ.'

आबांनी बटण परत दाबलं. आवाज वाढला.

पहिली दहा मिनिटं त्यांनी तरुणपण आठवण्यात काढली. तेव्हा अर्धवट इमारतींवर विसाव्या मजल्यावर काम चालायचं, खाली उतरायला बांबूची परांची होती आणि सोय थेट तळाला. पण शरीर म्हणजे हुकमाचं ताबेदार होतं, सुट्टी झाल्याशिवाय हूं की चूं करायचं नाही. पुढची पाच मिनिटं त्यांनी मोज्याकडे पाहण्यात काढली. मोज्या शांत होता. त्याचं झालं होतं. मग जाळीतला आवाज थोडा लांबला, आणि चाळीस दिवसांची मेहनत फळाला आली.

लिफ्टच्या फरशीला दाराकडे दोन सूत ढाळ आहे, ही गोष्ट बांधणाऱ्याच्या लक्षात आली नसेल. आबांच्या त्या क्षणीही आली. चाळीस वर्षांची नजर, ती कशी सुटणार? लिफ्ट पुन्हा सुरू होऊन दार उघडलं तेव्हा सगळं उंबऱ्याशी येऊन हजर होतं.

पंधराव्या मजल्यावर सेक्रेटरी, वॉचमन आणि दोन शेजारणी उभ्या होत्या. आबांनी घाईत मोज्याला पोटाशी धरलं होतं, त्यामुळे त्यांची गडद पँट का ओली, याचंही उत्तर सर्वांना आयतंच मिळालं. सगळ्यांनी खाली पाहिलं, मग मोज्याकडे. मोज्याने मान वर करून आबांकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. कामावरचा एक जण दुसऱ्याला ओळखतो, तेवढंच होतं.

"आबा," सेक्रेटरी म्हणाले, "तिसरी."

आबांनी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते त्यांना नंतर आठवेना.

संध्याकाळी नातीने मोज्याची वाटी, चावलेला चेंडू आणि बाबांच्या त्या मोज्याचा उरलेला अर्धा भाग एका पिशवीत भरला. मग फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली.

"आबा, चार वाजता तर तू यश लिहिलंयस."

"हो ना."

"मग लगेच परत कसं केलं त्याने? एवढासा तर आहे तो. त्याच्यात मावतं किती?"

"पाणी प्याला असेल," आबा म्हणाले.

"लिफ्टमध्ये?"

आबा बाल्कनीत गेले आणि बराच वेळ पाटी वाचत बसले. एकसष्ट वर्षं त्यांच्या हातून कागदावर खोटं लिहिलं गेलं नव्हतं, कारण खरंही लिहिता येत नव्हतं. नंतरची अकरा वर्षंही तशीच गेली होती. आता तक्त्यात खरं होतं आणि तोंडात खोटं, आणि दोन्हींची पातळी पाणसळीवर काही केल्या जुळेना.

सभा रविवारी होती. शनिवारी दुपारी त्यांनी तीन कागद फाडले आणि चौथा ठेवला. आयुष्यातला तो त्यांचा पहिला अर्ज. तो येथे संपूर्ण देत आहोत:

'सेक्रेटरी साहेब यांस. मंगळवारी लिफ्टमध्ये झालं ते माझं. पिल्लाचं आधीच खाली झालं होतं. तक्ता जोडला आहे. त्याला काढू नये. आपला, एकोणीस मजल्यावरचा आबा.'

सभेत विषय क्रमांक चार आला. सेक्रेटरींनी अर्ज खणखणीत आवाजात वाचायला घेतला, आणि 'झालं ते' इथवर येऊन थांबले. उरलेला त्यांनी मनात वाचला. मग शेजारच्याला दिला. त्याने त्याच्या शेजारच्याला. अर्ज अशा रीतीने अतिशय गुप्तपणे सर्व बासष्ट सभासदांनी वाचला.

आता पेच नियमाचा होता. नियम पाळीव प्राण्यांचा. आबा त्यात बसतात की नाही, यावर एका तरुण सभासदाने शंका काढली, की घरात राहतात, जेवण आयतं मिळतं, फिरायला नेतात, तर व्याख्येप्रमाणे...

सूनबाई उठून उभ्या राहिल्या. आजवर त्या कुठल्याच सभेत बोलल्या नव्हत्या. "आबांना आम्ही पाळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उलटं आहे ते." आणि खाली बसल्या.

मग पहिल्या रांगेतून अध्यक्ष बोलले. ते सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासमोर अख्खी इमारत अजूनही हात मागे बांधून उभी राहायची.

"दुसरी नोंदही काढून टाका."

"का, सर?"

"मी सांगतोय म्हणून." मग ते पायाखालच्या फरशीला म्हणाले, "त्या दिवशीही लिफ्ट अडकली होती."

मागच्या रांगेतून नवव्या मजल्यावरच्या काकूंनी घसा साफ केला. "आणि ते जिन्यातलं..."

"जिन्यातलं नोंदीतच नाही, काकू."

"नाही ना? मग राहू दे, राहू दे."

पंधरा मिनिटांत ठराव एकमताने झाले. लिफ्टची दुरुस्ती पुढील अभ्यासासाठी पुढे ढकलण्यात आली. तीन नोंदींची मर्यादा उठवण्यात आली. तिन्ही नोंदी, इमारतीची प्रतिष्ठा लक्षात घेता, मोज्याच्याच नावावर कायम ठेवण्यात आल्या. आणि सदर पिल्लू सर्वांच्या हिताचं असल्यामुळे त्याला इमारतीत कायमचं ठेवावं, असं ठरलं. आबांचा अर्ज दप्तरी दाखल करून घेण्यात आला, वरच्या कपाटात, अगदी मागे. आबांना जरा वाईट वाटलं. अक्षर चांगलं आलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी पाहिलं, तर फ्रिजवरच्या तक्त्यात एक नवा रकाना आखलेला होता. रेघ वाकडी होती, नातीच्या हातची. वर लिहिलं होतं: 'आबा.' आणि खाली, प्रत्येक फेरीच्या आधी, भरायला मोकळी जागा.

तेव्हापासून मोज्याला मागणी फार. मुख्याध्यापक रोज सकाळी त्याला लिफ्टने खाली नेतात. दुपारी काकू. "बिचाऱ्याला जरा मोकळी हवा," असं सगळेच म्हणतात. गेल्या तीन महिन्यांत त्याच्या नावावर आणखी अकरा नोंदी झाल्या. आबांचा तक्ता सांगतो, की त्यातली त्याची एकही नाही. तक्ता आता कोणी मागत नाही.

आपल्याही इमारतीत असं एखादं वळण न लागलेलं कुत्रं असेलच, आणि त्याच्याबद्दल आपलं मत चांगलं नसेल. ते मत आपल्याला कोणी दिलं, हे उद्या लिफ्टमध्ये एकटे असताना आठवून पाहावं. घाई नाही. फक्त चढण्यापूर्वी एकदा जाऊन यावं.