किसनची हुकमी कार्डं

१९७१ साल. माझं वय अठरा, आणि आख्ख्या आळीत वाचता येणारा मी एकटा. शाळा दुसरीतच सुटली, पण एसटीच्या पाट्या वाचून वाचून अक्षरओळख पक्की केल्ती. त्यामुळं किसनची कार्डं वाचायचा मान माझा. दुसऱ्याला मी कार्डाला हात लावू दिला न्हाई.

किसन माझा चुलतभाऊ, फौजेत सरहद्दीवर. पण त्याची कार्डं ऐकून कुणी म्हणलं नसतं की हा माणूस बंदूक घेऊन खंदकात बसलाय. बंदूक न्हाई, तोफ न्हाई, दुश्मन न्हाई. नुस्ते हुकूम. ‘माय, हौदावर झाकण ठेव. शेळी शेवग्याला बांधू नको, साल खाती. दगडूतात्यानं आपला बांध कोरला का, ते पावलानं मोजून कळव. हयगय चालणार न्हाई.’

कार्ड उघडं. पोस्टमन वाटेत वाचणारच, हे किसनला बराबर ठाऊक. मंग कडेला आडवं लिहायचा, ‘पोस्टमनदादा, वाचलंच आहे तर हौदावर झाकण आहे का, जाता जाता बघा.’ आणि पोस्टमन खरंच बघायचा! शेजारच्या शेताचे दगडूतात्या दर कार्डाला ऐकायला यायचे आणि दर कार्डाला तणतणत उठायचे. “समोर दुश्मनाचा एवढा मुलूख पडलाय, अन् ह्याची नजर माझ्या बांधावर!”

लढाई पेटली आणि कार्डं थांबली. रेडिओवर बातम्या लागल्या की काकूची, म्हणजे किसनच्या मायची, भाकरी तव्यावर करपायची. ती उलटायचं भानच नसायचं तिला.

मंग एका दुपारी कार्ड आलं. कोपरा फाटलेलं.

आमच्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे माणूस गेल्याची खबर. ते घरात नेत न्हाईत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. दरवेळी वाचत येणाऱ्या पोस्टमननं त्या दिवशी वाचलं न्हाई. कार्ड ओट्यावर दगडाखाली ठेवलं आणि खाली मान घालून सायकल काढली.

बायांनी सूर धरला. कुणीतरी चुलीवर पाणी चढवलं. काकू तेवढी खांबाला धरून बसली आणि माझ्या हाताकडं बघत राह्यली.

“वाचू नको रे,” तात्या म्हणाले. “फाड. काय लिहिलंय ते दिसूनच राह्यलंय.”

“वाचल्याबिगर मी कार्ड फाडत नसतो.”

“अरे, मान कसला मिरवतो? वेळ काय, तू बोलतो काय!”

“तात्या, गप बसा.” एवढ्या मोठ्या माणसाला मी असं पहिल्यांदाच बोललो. कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि वाचलं.

‘माय, वर ठिकाण लिहिलं होतं. गुरुजी सांगायचे, पत्राला गाव पाहिजे. इथं ठिकाण लिहायला मनाई. साहेबानं तेवढा कोपरा फाडला. दुसरं कार्ड मिळंना. मी जित्ता आहे, बिलकुल ठणठणीत. पाणी तापवलं असल तर विस्तव काढ, सरपण फुकट जाळू नको. तात्या रडत असतील तर आत्ताच विचारून घे, बांध कोरलाय का?’

तात्या खरंच रडत होते. “कोरलाय रे बाबा, हातभर कोरलाय!” म्हणून मटकन ओट्यावर बसले. रडणाऱ्या बायांना हसू आवरंना. काकूनं डोळे पुसले आणि आधी चुलीतलं लाकूड ओढलं.

पुढं किसन सुखरूप घरी आला आणि म्हातारा होईस्तोवर साऱ्या गावाला हुकूम सोडत जगला.

पण त्या दिवशी सगळे पांगल्यावर काकू म्हणाली, “पुन्हा एकदा वाच, बाबा.” तेव्हा पार तळाला बारीक अक्षरात एक ओळ दिसली. ‘इथं टपाल आलं की नावं पुकारतात. माझं अजून पुकारलं न्हाई. तरी मी दरवेळी म्होरं जाऊन उभा राहतो. सवय पडली.’

ती ओळ मी काकूला वाचून दाखवली न्हाई. ती दर कार्डाला म्हणायची, “त्याला उत्तर धाड.” मी दर कार्डाला म्हणायचो, “धाडलं.” मला वाचता येत होतं. लिहायला हात वळत नव्हता, आणि तसं कबूल करायला जीभ वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिसरूड फुटलेला मी, शाळेत जाऊन पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसलो. पोरं खिदळली. मी पाटी गुरुजींपुढं केली आणि म्हणलं, “किसन लिहून द्या. मी गिरवतो.”