फक्कीच्या भिंती

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता हायस्कुलाच्या मैदानावर नव्या चार वर्गांच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंती फक्कीच्या होत्या. काळू गवंड्यानं दोरी ताणली, पाटीतली पांढरी फक्की मुठीमुठीनं दोरीवर सोडली आणि दारांपुरती जागा कोरी ठेवून तो बाजूला झाला. साल १९३६, महिना नोव्हेंबर.

कल्पना हेडमास्तर गायधनींची होती. नव्या वर्गांचा नकाशा महिनाभर मास्तरांच्या खोलीत फिरला होता. ज्यानंत्यानं त्यावर बोट ठेवलं, "हं" म्हटलं आणि तो शेजाऱ्याकडे सरकवला. तेव्हा गायधनींनी नकाशाच जमिनीवर उतरवला.

"आपापल्या खोलीत उभे राहा," ते म्हणाले, "आणि काय हवं-नको ते आत्ता बोला. भिंत वर गेली की कुरकुर चालायची नाही."

फारसी शिकवणारे खाजामास्तर शेवटच्या, विहिरीलगतच्या खोलीत जाऊन उभे राहिले. तेरा वर्षं त्यांचा वर्ग व्हरांड्यात भरत होता. फारसी घेणारी मुलं नऊ. नऊ मुलांसाठी खोली कोण अडवून ठेवणार? शिपाई झाडायला आला की वर्ग उठायचा, कुणाचे वडील भेटायला आले की वर्ग सरकायचा, आणि आतल्या वर्गांतून बाहेर हाकललेली मुलं फारसीत येऊन उभी राहायची. खाजामास्तरांची मागणी मोठी नव्हती. आपल्या हातानं लावून घेता येईल असं एक दार त्यांना हवं होतं. पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे व्यापारी रंगनाथ पाटील चारही खोल्या बांधून देणार होते. शुक्रवारी त्यांनी नारळ फोडला की दार पक्कं होणार होतं.

पहिली खोली संस्कृतच्या भानोसेशास्त्र्यांची. ते म्हणाले, "पूर्वेची खिडकी हवीच. पण पलीकडे रस्ता आहे. टांग्यांची धूळ थेट आमच्या तोंडात जाईल. भिंत जरा आत घ्या."

शास्त्र्यांची खोली आत सरकली, तशी ओळीतली पुढची प्रत्येक खोली सरकली. शेवटची सरकू शकत नव्हती, कारण तिच्यामागे विहिरीचा कठडा होता.

"खाजासाहेब, आपली हरकत नाही ना?"

"बेशक घ्या, शास्त्रीबुवा. आपलीच जागा आहे."

विज्ञानाच्या खांदव्यांना बाटल्या ठेवायला कपाटाची खोली हवी होती. ड्रॉइंगमास्तरांना चित्रापासून मागं सरून पाहायला जागा हवी होती, आणि ते एकेक पाऊल मागं टाकत विज्ञानातून थेट फारसीत आले. प्रत्येक वेळी सगळे खाजामास्तरांकडे वळून पाहत आणि प्रत्येक वेळी खाजामास्तर छातीवर हात ठेवून किंचित लवत. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की मागणाऱ्याला दुसऱ्यांदा मागावं लागलं, तर लाज देणाऱ्याची.

मग खांदव्यांच्या ध्यानात आलं, की भिंतींना जाडी असते.

"दगडी भिंत, दोन फूट तरी जाईल. ती आत धरायची की बाहेर?"

"बाहेर," तिघं एकदम म्हणाले. तिघांचं बाहेर म्हणजे खाजामास्तरांचं आत.

दुपारी घरी त्यांनी बायकोला, हमीदाबींना, सगळं सांगितलं. हमीदाबींनी ताट पुढं सरकवलं. "सबकी दीवार बांध दी. अपने वास्ते क्या रखा?"

"खोली आहे की."

"कितनी?"

मास्तरांनी दोन्ही हात पसरले, मग विचार करून थोडे जवळ आणले.

बुधवारी हेडमास्तरांनी पुढचं पाऊल टाकलं. जागा पुरते की नाही हे शिकवल्याशिवाय कसं कळणार? मैदानात सतरंज्या घातल्या गेल्या आणि चारही वर्ग फक्कीच्या भिंतींत भरले. हेडमास्तरांनी मुलांना बजावलं होतं, भिंत म्हणजे भिंत. जो ओलांडेल त्याला छडी. त्यामुळे उशिरा आलेला एक मुलगा कोऱ्या जागेत थांबून "आत येऊ का, सर?" असं विचारत होता. शास्त्र्यांचा वर्ग भिंतीपलीकडे न बघता शास्त्र्यांकडेच पाहत होता. फारसीची नऊ मुलं एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसली होती, कारण शेजारी बसायला रुंदी उरली नव्हती.

अकराच्या सुमारास रंगनाथ पाटील आले. कोर्टात तारीख होती, ती पुढं ढकलली गेली, म्हणून सहज वळले होते. हेडमास्तरांना हर्ष झाला. पाटील फेटा सावरत सरळ ड्रॉइंगच्या वर्गातून निघाले, तशी मुलं ओरडली, "पाटील, भिंत! भिंत!"

पाटील दचकून थांबले. खाली पाहिलं. मग वळसा घालून दारातून आत गेले. चारही वर्गांत ते हिंडले.

"हेडमास्तर, लय बेस चाललंय हो तुमचं."

"आपल्याच कृपेनं."

"उजेड हाय. वारा हाय. पोरं रेघ मोडत नाय. मग दगडाच्या भिंती कशापायी?"

हेडमास्तरांनी हसून पाहिलं. पाटील हसत नव्हते.

"पण पाटील, पाऊस..."

"पावसाळ्यात जुनी इमारत हायच की. आजवर व्हतीच ना?"

"ऊन..."

"चार झाडं लावू. आमच्या गावात पैलवानांची तालीम पडायला आलीय, त्याच पैशात ती तरी उभी राहील." मास्तरमंडळी एकाच वेळी बोलू लागली. पाटलांनी हात वर केला. "तुम्ही सगळे खोल्या मागनारेच. मी त्या कडंच्या मास्तरांना इचारतो. त्यांना सगळ्यात कमी जागा. तरास असंल तर त्यांनाच असंल."

पाटील दारातून आत आले. नऊ मुलं उठून उभी राहिली. रेघांपलीकडून हेडमास्तर, शास्त्री, खांदवे आणि ड्रॉइंगमास्तर पाहत होते. भानोसेशास्त्र्यांनी तर हात जोडले होते.

"मास्तर, खरं सांगा. हितं बसून शिकवायला काही तरास?"

खाजामास्तरांना सगळं समजत होतं. एवढा मोठा माणूस आपल्या वर्गात पाहुणा आला आहे आणि आपली विचारपूस करतो आहे, हेही समजत होतं. पाहुण्यापुढं गाऱ्हाणं कसं मांडायचं? हात आपोआप छातीवर गेला.

"जी नाही, पाटीलसाहेब. आपली मेहेरबानी. काहीच तकलीफ नाही."

"झालं तर!" असं म्हणून पाटील दारातून बाहेर पडले आणि टांग्यात बसले.

टांगा फाटकाबाहेर गेला. मग शास्त्री म्हणाले, "खाजासाहेब, आमची भिंत दिलीत ते ठीक. पण चारही खोल्या देऊन टाकल्यात हो!"

तासाभरात काळू गवंड्याला पुन्हा बोलावलं. फारसीची खोली मूळ मापाची झाली. मग शास्त्र्यांनी आपल्याकडचा एक हात सोडला, खांदव्यांनी कपाट सोडलं, आणि ती चौघांत सर्वांत मोठी झाली. आता खाजामास्तरांनी उद्याच्या मोटारीनं पिंपळगावला जायचं आणि आपलं म्हणणं परत घ्यायचं, असं ठरलं. हेडमास्तरांनी तालीम घेतली.

"मी पाटील. म्हणा, त्रास होतो."

"थोडा होतो."

"थोडा नाही!"

"पुष्कळ होतो... पण चालतं."

"चालत नाही, खाजासाहेब! चालत नाही!"

"चालत नाही," खाजामास्तर म्हणाले, आणि हेडमास्तरांना वाईट वाटलं असेल असं समजून त्यांनी माफी मागितली.

गुरुवारी सकाळी चौघं मास्तर त्यांना मोटारीवर पोचवायला गेले. मोटार हलेपर्यंत खाजामास्तर खिडकीत "चालत नाही, चालत नाही" असं पुटपुटत होते. ते ऐकून एक म्हातारी पिशवी घेऊन खाली उतरू लागली, तिला मोटार ठीक असल्याचं सांगून परत बसवावं लागलं.

संध्याकाळची मोटार आली. चौघं उभेच होते. खाजामास्तर उतरले नाहीत. उतरला तो क्लीनर पुंजाराम.

"मास्तर? ते पाटलांकडंच हायेत. पाटलांनी लय आग्रह केला. माडीवरची खोली झाडून दिली, म्हनले दोन रोज ऱ्हावा."

"पण बोलणं झालं का?" हेडमास्तरांनी विचारलं. "भिंतींचं काही निघालं का?"

"ते नाय ठावं. निघताना मी हाक मारायला वर गेलतो. दार आतून बंद. पाटील म्हनले, मास्तर निजलेत, उठवू नको."

शुक्रवारी, नारळ फोडायच्या दिवशी, सकाळच्या मोटारीनंही मास्तर आले नाहीत. पाटील उठून मळ्यात गेले आहेत आणि माडीवरच्या खोलीची कडी मास्तरांनी आपल्या हातानं लावून घेतलेली अजून तशीच आहे, आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येतं, एवढंच पुंजाराम सांगू शकला.