गडावरील नगाऱ्यास घोंगडी घातली, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, जैसे घडले तैसे लिहिले आहे. शके सोळाशे पंच्याऐंशी, सुभानुनाम संवत्सरे. राजियांचे दप्तर नदीकाठच्या कोटात असे आणि त्यात मुलखातील शेतांच्या हद्दी लिहिल्या होत्या. पुराचे भय जाणून राजियांनी आज्ञा केली की, प्रत्येक कागदाची कच्ची प्रत जासुदाने डोंगरी गडावर न्यावी, तेथे कारकुनांनी ती स्वच्छ उतरावी आणि वर शिक्का करावा. मूळ कागद कोटात शाबूत असता शिक्का झाला तीच प्रत खरी. आणि शिक्क्यावाचून बारा प्रती साचल्या की नगारा वाजवावा.

तो नगारा रोज दोन प्रहरी वाजू लागला. किल्लेदार रायाजीराव त्रासोन बोलिले, "जासूद आळसावले. दुप्पट ठेवा." दुप्पट ठेविले, तो प्रती अधिकच साचल्या आणि नगारा अधिकच वाजला. मग रावांनी त्यावर घोंगडी घातली आणि गडावर स्वस्थता झाली.

नक्कलफडाच्या मुख्य चिमाक्का यांस ती स्वस्थता सोसेना. नदी चढली तर या साचल्या प्रतींतील शेते कोणाची म्हणावी, हेच मनी येई. मग त्यांनी प्रत्येक प्रतीवर कोटातून निघाल्याची, गडावर पोहोचल्याची, उतरल्याची आणि शिक्क्याची घटका आठ दिवस मांडिली, आणि तो कागद घेऊन रावांकडे गेल्या.

"राव, दोन प्रहरी आपण काय करिता?"

"जेवून अंमळ पडतो."

"सहा घटका. आणि शिक्का आपल्या कमरेस."

"अक्का, आता माझी झोपही मोजिता?"

"मोजिली. जासूद वेळेवर, कारकून वेळेवर. प्रती तुंबतात त्या आपल्या उशापाशी."

राव कागद पाहत राहिले आणि मग हसले. "नगारा मलाच उठवीत होता, आणि मी त्यासच पांघरूण घातले." मग शिक्का सोडून अक्कांच्या हाती दिधला आणि घोंगडी काढविली.

आषाढ वद्य अष्टमीस दोन प्रहरी नदी चढली. कोटातून उरल्या प्रती एकदम निघाल्या आणि नगारा वाजला. राव निजले होते ते उठोन धावत आले आणि पुसिले, "अक्का, आज कोठे तुंबले?"

"उतरणाऱ्यांपाशी. हात कमी पडतात."

मग राव स्वतः बोरू घेऊन बसले, आणि अक्का शिक्के करीत गेल्या. सायंकाळी गडावरून पाहता पाहता कोट पाण्याखाली गेला, तेव्हा दोन गावांच्या दोनच प्रती शिक्क्यावाचून राहिल्या होत्या. त्या दोन गावच्या पाटलांनी शिवेवर उभे राहून हद्दी सांगितल्या आणि त्या पुन्हा लिहिल्या. मुलखात एकाही शेताचा तंटा झाला नाही.

सारांश, नगारा वाजता कोठे तुंबले ते आधी पाहावे, हा गडाचा दंडक झाला. घोंगडी रावांनी आपल्या बिछान्यावर नेली. इति.