सिद्राममामा आणि बारीक दाण्याची दारू

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सिद्राममामा बंदुकीची दारू कानानं निवडतात. पत्र्याची डबी कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि हळूच हलवायची. आतला दाणा खळखळला तर मान डोलवायची, नुसता सरसरला तर तोंड वाकडं. सोनाराकडं नथ घ्यायला आलेली बाईसुद्धा एवढे नखरे करत नसेल.

जुळे सोलापुरात बंदूक कुठून आली, असं तुम्ही विचाराल. बंदूक मंद्रूपच्या शेतातली. वडिलांच्या वेळची ठासणीची, पीक राखायच्या परवान्याची. नळीत वरून दारू ओतायची, चिंधीचा बोळा गजानं ठासायचा, मागं टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. मामांच्या शेताला लागूनच माझं थोडं रान आहे. त्यात मका, आणि मक्यावर रानडुकरांचा डोळा. डुक्कर आलं की मामांनी हवेत बार काढायचा आणि डुकरांनी पळायचं, इतकाच आमचा करार. छर्रा नाही, गोळी नाही. नुसता आवाज.

"मामा, धाडकन वाजल्याशी कारण. कुठलीही भरा की!" मी एकदा म्हणालो.

मी शेंगाचटणीत साखर घाला म्हणाल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुटलीबी? सर, तुमच्या शाळेत कुटलाबी मास्तर कुटल्याबी वर्गावर सोडताव का?"

"सोडतो की! गेल्या वर्षी चित्रकलेच्या बाईंनी गणित शिकवलं."

"मग पोरांचं काय झालं?"

मी विषय बदलला.

मामांच्या लेखी दारूला स्वभाव असतो. बारीक दाण्याची म्हणजे आगाऊ. ठिणगी दिसायचा अवकाश, पेटणार, कडाडणार आणि वर खांद्याला लाथ घालणार. जाड दाण्याची समंजस. बेतानं पेटते, घुमते आणि खांद्याची विचारपूस करते. दमट झालेली म्हणजे घरजावई, नुसती धुसफूस, कामाच्या नावानं शंख. त्यांच्या त्या म्हाताऱ्या बंदुकीला जाडच मानवते, हे मंद्रूपच्या शेरडांनाही ठाऊक होतं. तरी दुकानातून परवान्यावर आणलेली प्रत्येक दारू मामा कागदावर पसरणार, चिमटीत चुरणार, बोटं हुंगणार आणि म्हणणार, "स्वल्प थांबा. हिचं मन बगू द्या."

स्वल्प म्हणजे जरा. मामांची निम्मी भाषा कानडी आहे. पण त्यांचं 'जरा' कुठल्याच भाषेत लवकर संपत नाही.

एकदा त्यांनी गॅलरीत, सावलीला दारू वाळत घातली. खालच्या अंबुबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन वर आल्या. काळेभोर, चकचकीत दाणे बघून त्या हरखल्याच. "अगं बाई, कारळं लई छान मिळालंय की! द्या हिकडं, भाजून चटणी करून देते."

'भाजून' म्हटल्याबरोबर मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "अंबुबाई, हात जोडतो! भाजू नगा! आपली बिल्डिंग वळसंगला जाऊन पडंल!"

त्या दिवशी सोसायटीची तातडीची बैठक झाली आणि मामांच्या डब्या कायमच्या मंद्रूपच्या वस्तीवर गेल्या. अंबुबाई अजून त्यांच्या घरचा चहासुद्धा वास घेऊन पितात.

चोखंदळ ते पहिल्यापासूनच. पण यंदा कहर झाला. डबीमागून डबी नापास. "ही न्हाय चालायची," एवढंच. आणि इकडं माझी कणसं डुकरांच्या पोटात चाललेली. मी वैतागून म्हणालो, "सुतळी बॉम्ब लावतो बघा आता."

"लावा की. पोरीच्या लग्नात सनईच्या जागी कुकरची शिट्टी बी लावा."

आता अशा माणसापुढं काय डोकं आपटणार?

खरं तर दारूचे उस्ताद मामा नव्हेतच. उस्ताद म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, वस्तीवर राहणारे बसलिंगआण्णा. मामांना दारू ओळखायला शिकवलं ते आण्णांनी, आणि तेही शिव्या घालून. मामा आजोबा झाले, पण आण्णांच्या लेखी ते अजून धड काही न जमणारं पोरच. या उन्हाळ्यात आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू हात हलायला लागला, जेवण जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जीभही सुटेल, फक्त त्यांना बोलतं करा. पण आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले ते पडलेच. मामा रोज सकाळी स्कूटर काढून मंद्रूप गाठायचे. बाजारातले भाव, भावकीतली भांडणं, सगळं रंगवून सांगायचे. आण्णांचं हूं नाही की चूं नाही.

"घरात कोन वरडंना झालंय, सर," स्कूटर पुसता पुसता मामा एकदा म्हणाले. "लई भ्या वाटतंय बगा. आण्णा असाच मुका गेला तर?"

मी उगाच स्कूटरचा आरसा सरळ केला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मीही मामांबरोबर वस्तीवर गेलो होतो. ऊन कलतं न कलतं तोच मक्यात खसफस सुरू झाली. आण्णांची बाज अंगणात, लिंबाखाली काढलेली होती. मामा नेमके त्यांच्या समोर बसकण मारून बंदूक भरायला लागले. शेजारी दोन डब्या. त्यांनी बारीक दाण्याची उघडली.

"मामा! ही बारीक आहे!"

"स्वल्प थांबा."

ते सावकाश दारू ओतत होते, आण्णांना दिसेल अशी. मग ठासायला घेतलं तर गज उलटा! चाळीस वर्षं ठासणारा माणूस आणि गज उलटा? मी बघतच राहिलो. आण्णांनी मान वळवून गजाकडं डोळे लावले होते.

मामांनी नळी आभाळाकडं केली आणि घोडा ओढला. असा काही कडाड आवाज झाला की लिंबावरची पाखरं, मक्यातली डुकरं आणि माझी चप्पल, सगळं एकदमच पळालं. मामा मागच्या मागं कडब्यात जाऊन पडले. माझा मका वाचला! मी टाळ्या पिटत वळलो, तर मामा डुकरांकडं बघतच नव्हते. ते कडब्यातनं बाजेकडं बघत होते.

आण्णांचे ओठ थरथरत होते. घशात काहीतरी खरखरलं.

"द... दड्ड!"

दड्ड म्हणजे ठोंब्या. मग जड जिभेनं, अक्षर अक्षर ओढत, "बा...रीक... घालत्यात व्हय रं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गृहस्थ इतके दिवस चांगली दारू शोधतच नव्हता. नळीला झेपेल पण आण्णांना खपणार नाही, अशी शोधत होता. मी काही बोलणार तोच मामांनी मला हातानं गप्प केलं.

ते खांदा चोळत उठले, बाजेच्या कडेला टेकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. खाली पडलेला गज उचलून त्यांनी आण्णांच्या नाकासमोर धरला.

"चुकलंच की, आण्णा. आन् ह्यो गज मी उलटा धरलावता बग. त्येचं कुटं काय बोललास? वरड की. वरड की रं."