विर्यादींचा होला आणि वायफायच्या लहरी

मंगळवारी विर्यादींच्या घरी वायफाय आलं आणि शुक्रवारी त्यांचा होला मुका झाला. याला योगायोग म्हणणारी माणसं जोगजा भागात पुष्कळ असतील, विर्यादी त्यातले नव्हते. तालुका कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस योगायोग मानत नाही, जबाबदार कोण ते शोधतो.

होलाही साधासुधा पक्षी नव्हता. त्याचं नाव क्याई गुमिलांग. ('क्याई' हा मान तिकडे मौलवींना आणि घराण्याच्या खंजिरांना मिळतो. विर्यादींना तो अजून कुणी दिला नव्हता.) अकरा वर्षं रोज सकाळी त्याचा पिंजरा दोरीने सात मीटर उंच बांबूवर चढायचा आणि वरून तो असा घुमायचा की गल्लीतली माणसं कॉफी प्यायची थांबायची. निदान विर्यादी तसं सांगायचे. गेल्या वर्षी गायनाच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर एका झेंडीने (परीक्षक तिथे गुणांऐवजी झेंड्या देतात) हुकला होता. यंदाची स्पर्धा येत्या रविवारी होती आणि "चषक आपलाच" असं विर्यादी न्हाव्यापासून ग्रामप्रमुखापर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. मुका होला घेऊन जाणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं.

"लहरी आहेत या, लास्त्री! त्याच्या गळ्यावर बसतात. तो वायफायचा डबा काढून टाकू."

"काढा की," त्यांची बायको लास्त्री म्हणाली. "मग चार वाजता लाइव्हवर बाटिकची कापडं कुणाला दाखवू? क्याईला? आणि लहरींचं काय सांगता मला! वायफाय आल्यापासून दिवसभर मोबाइलवर चॅम्पियन होल्यांची गाणी तुम्हीच लावता त्याच्यापुढे. घाबरला असेल बिचारा."

"त्याला तालीम म्हणतात," विर्यादी म्हणाले आणि विषय संपवला.

आधी त्यांनी स्वयंपाकघरातला चंदेरी कागद पिंजऱ्याभोवती गुंडाळला. वारा आला की कागद खडखडायचा आणि क्याई दचकून तळाशी बसायचा. मग त्यांनी वायफायवाल्या मास जाग्याला बोलावलं. (तिकडे तरुणाला 'मास' म्हणजे दादा म्हणतात आणि वडीलधाऱ्याला 'पाक'.)

"काही होत नाही, पाक," तो म्हणाला. "डबा हातभर लांब ठेवला तरी पुरे, लहरी लांब जातील तशा पातळ होतात. फक्त तो उंच आणि मोकळ्यावर ठेवा, म्हणजे सगळीकडे छान चालेल."

विर्यादींनी यातले 'लांब' आणि 'उंच' एवढे दोनच शब्द घेतले. (कचेरीत ते अर्जही असेच वाचत.) त्याच दुपारी त्यांनी क्याईला स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, अडगळीतला त्याचा जुना पिंजरा काढला, त्यात वायफायचा डबा बसवला, वायर बांबूला बांधली आणि डबा सात मीटर वर चढवला. आपल्या अकलेचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

सगळीकडे छान चाललं, यात शंका नाही. पासवर्ड क्याईचंच नाव होतं आणि ते नाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं? संध्याकाळपर्यंत त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर चौदा माणसं मोबाइल घेऊन बसली. लास्त्रीचं लाइव्ह तिचं तोंड उघडं असतानाच गोठलं. विर्यादींच्या मोबाइलवरचे चॅम्पियन होलेही गप्प झाले.

आणि दुसऱ्या सकाळी क्याई स्वयंपाकघरात घुमला!

"बघितलंस? लहरी!" विर्यादींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बघितलं. तुमचा मोबाइल बंद पडला आणि त्याला कंठ फुटला."

पण आता विर्यादींना कोण आवरणार? ते तडक होला मंडळाचे अध्यक्ष पाक हार्सोनो यांच्याकडे गेले आणि दोन तास बोलून त्यांनी स्पर्धेच्या नियमांत नववा नियम घालून घेतला. मैदानात कोणतंही वायरलेस उपकरण आणल्यास स्पर्धक बाद. मसुदा त्यांचाच, सुवाच्य अक्षरात.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. डबा भिजेल म्हणून लास्त्रीने वायर सोडवली, पिंजरा खाली घेतला, त्यावर कापड घातलं आणि तो ओसरीच्या आकड्याला अडकवला. अकरा वर्षं क्याई रात्री त्याच आकड्याला असायचा.

रविवारी पहाटे ती बाजाराला गेली होती. विर्यादींनी सवयीने आकड्यावरचा झाकलेला पिंजरा काढला आणि मोटारसायकलला बांधला. वाटेत क्याईने हूं की चूं केलं नाही. मोठे गायक कार्यक्रमाआधी बोलत नाहीत, हे ते जाणून होते.

मैदानाच्या दारात सगळे आपापले मोबाइल टोपलीत टाकत होते आणि विर्यादींकडे जळजळीत बघत होते. शिट्टी झाली, कापडं निघाली, पिंजरे वर चढले. विर्यादी प्रेक्षकांकडे हात हलवत होते, त्यामुळे त्यांनी कापड काढलं आणि दोरी ओढली ती पिंजऱ्याकडे न बघताच.

परीक्षक त्यांच्या बांबूखाली बराच वेळ उभे राहिले.

"पाक विर," शेवटी एक जण म्हणाला, "तुमच्या पक्ष्याला दोन शेपट्या आहेत. दोन्ही वरच्या बाजूला."

विर्यादींनी वर पाहिलं. पिंजऱ्यात दोन अँटेना उभारून वायफायचा डबा बसला होता. धावत आलेल्या पाक हार्सोनोंनी वहीतून नववा नियम मोठ्याने वाचला.

"पण तो बंद आहे! त्याला वायरच नाही!" विर्यादी ओरडले.

"इथे 'कोणतंही' लिहिलंय, पाक. अक्षर तुमचंच."

घराकडे वळताना गल्लीच्या तोंडापर्यंत क्याईचा आवाज येत होता. असा तो गेल्या वर्षीही घुमला नव्हता. विर्यादींना रडू यायचंच बाकी होतं. लास्त्री दारात उभी होती.

"बाजारातून आले तेव्हाच कळलं मला, पण फोन करते तर तुमचा मोबाइल टोपलीत. कितवे आलात?"

"पहिला."

"काय सांगता!"

"नवव्या नियमाखाली बाद होणारा पहिला."

लास्त्रीने त्यांच्या हातातला पिंजरा घेतला आणि डब्यावरची धूळ पदराने पुसली.

"चारच्या आत हा वर चढवा," ती म्हणाली. "पासवर्ड मी आज बदलणार आहे. गल्लीने विचारलं तर लाइव्ह संपल्यावर सांगेन, पण क्याई गातोय तोवर तुम्हाला मिळायचा नाही."