म्हाताऱ्याचा पडदा

"ह्या वेळेसबी थांबला नाय, आता सरळ भंगारात!" करुणानं निकाल दिला होता. तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? शिवाय चूक ट्रकचीच होती. बजाजनगरातल्या तिच्या घराचं फाटक त्यानंच आडवं केलं होतं. तिचा भाऊ बुद्धभूषण ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला, तरी ट्रक पाहुण्यासारखा निवांत आत शिरला.

नाकाड्या तोंडाचा, गोल दिव्यांचा हा ट्रक त्यांच्या वडिलांचा, कडुबांचा. उभी हयात त्यांनी तोच चालवला. आता कडुबा लेकीकडे राहायचे, ट्रक उस्मानपुऱ्यात लेकाकडे, आणि तब्येत दोघांचीही तोळामासा. उद्या भंगारवाला येणार म्हटल्यावर कडुबांनी जेवणच टाकलं. ते बुद्धभूषणला बघवेना. त्यानं ट्रक गुपचूप राजकुमार मिस्त्रीकडे नेला. कडुबांनी लेकीला थाप मारली, "छातीत जरा धडधडतंय, भूषणसंगं जाऊन डॉक्टरला दाखवून येतो," आणि रिक्षा करून थेट गॅरेज गाठलं.

दोष निघाला बुस्टरमध्ये, म्हणजे ब्रेक दाबणाऱ्या पायाला जोर देणाऱ्या डब्यात. इंजिननं आतली हवा ओढून घ्यायची आणि डब्यानं बाहेरची आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. पण आतला रबरी पडदा चिरला होता आणि कडेनं हवा शिरत होती. राजकुमारनं डबा खोलला, गंज घासला, नवा पडदा टाकला. बुद्धभूषण ब्रेक ऑइल आणायला गेला आणि फोन मात्र बोनेटवरच विसरला. घात झाला तो इथंच. फोन वाजला आणि राजकुमारनं तो तेलकट हातानं उचलला.

"दादा, म्हातारं कसंय रे?" करुणानं विचारलं. काळजीत असली की ती वडिलांना म्हातारं म्हणायची. आता राजकुमारच्या तोंडी म्हातारा म्हणजे ट्रक, हे तिला बिचारीला काय ठाऊक!

"दादा भाईर गेलेत, ताई. म्हाताऱ्याला खोललाय. आतला पडदाच फाटलेला. हवाच धरत नव्हता."

"अगं बया! खोललाय? मग आता?"

"नवा पडदा टाकलाय, आता चौफेर सील करतोय. धरला तं धरला, नायतर उद्या सकाळी न्यायला येनारच हायेत."

"कुठं... कुठं ठेवलंय?"

"हितंच की, उस्मानपुऱ्यात, पिंपळाच्या गल्लीत. रडू नका ताई, करतोय मी जीव लावून." ताईंचा ट्रकवर एवढा जीव असेल असं राजकुमारला कधी वाटलंच नव्हतं.

इकडे करुणानं असा हंबरडा फोडला, की शेजारची आशाबाई पिठाच्या हातानं धावत आली. तिनं कचरूमामांना सांगितलं, मामांनी गल्लीला सांगितलं, आणि गल्लीला एकदा कळलं की मग विचारूच नका. मिळतील त्या रिक्षांनी सगळे निघाले. कुणीतरी वाटेत हारसुद्धा घेतला. आता अशा माणसाला काय म्हणावं!

तोवर बुस्टर सील होऊन जागेवर बसला होता. पेडलवर पाय ठेवून बुद्धभूषणनं इंजिन चालू केलं, तसं बुस्टरच्या जोरानं पेडल अलगद खाली गेलं. "बघा, लोनी हाय लोनी!" राजकुमार ओरडला. कडुबा शेजारी चढून बसले. ट्रक गॅरेजातून निघून गल्लीच्या उताराला लागला, आणि नेमक्या त्याच वेळी समोर रिक्षा रिकाम्या झाल्या.

"बाबाऽऽ!" करुणा धावत सुटली ती थेट ट्रकच्या तोंडासमोर.

बुद्धभूषणनं डोळे मिटून पाय दाबला. डोळे उघडले तेव्हा ट्रक उभा होता आणि करुणाच्या नाकापुढे वीतभर जागा शिल्लक होती. खिडकीतून कडुबांनी डोकं काढलं.

"काय गं, सैपाक टाकून आलीस व्हय?"

मग काय सांगावं! करुणा रडली, हसली, बापाच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि त्याच दंडाला धरून पुन्हा रडली. "हायेत गं बया, धडधाकट हायेत!" आशाबाईनं पिठाचेच हात जोडले. हार आणणाऱ्यानं तो घाईघाईनं ट्रकला घातला. करुणानं डोळे पुसून जाहीर केलं, "माझ्याम्होरं थांबला. आता नाय द्यायचा भंगारात." रिक्षा निघून गेल्या होत्या, म्हणून सगळं बजाजनगर ट्रकच्या हौद्यात चढलं.

ट्रक हमरस्त्याला लागल्यावर कडुबा हळूच म्हणाले, "भूषण, राजकुमार फोनवर बोलत व्हता ना, तवा मी तिथंच व्हतो. तिचा घोटाळा झालाय हे कळलं मला. मुद्दाम गप बसलो."

"बाबा! रडून रडून मेली असती ती!"

"अरे, डोळ्यानं बघितल्याबिगर तिनं ट्रक ठिवला नसता."

"अन् ती आडवी आली तवा ब्रेक लागलाच नसता म्हंजे?"

"येडा का खुळा तू? हँडब्रेक म्या गच्च वढला व्हता की!"

बुद्धभूषणला दरदरून घाम फुटला. म्हणजे ट्रक थांबवला कुणी? बुस्टरनं की बाबांनी? पुढे उतार, उताराखाली लाल सिग्नल, आणि मागे भरगच्च हौदा.

"बाबा, दोन्ही हात वर करा."

कडुबांनी निमूट हात वर केले. बुद्धभूषणनं पाय दाबला. ट्रक जागच्या जागी उभा राहिला. बुद्धभूषणनं सुटकेचा असा श्वास सोडला, की समोरच्या काचेवर वाफ धरली. मागे सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळले आणि त्या ढिगातून करुणाचा आवाज आला,

"दादा, जरा हळू दाब की रं! एवढा कशाला ब्रेक लागाया पायजे?"