न धुतलेल्या डब्याची बखर

श्री. आधी नमन समुद्रास, मग त्याचे काठच्या चिखलास, मग ज्यांचे पोटी औषध असून मुखी बढाई नाही त्या सूक्ष्म जीवांस. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी समुद्रकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते घडले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहिले नाही. ज्याचे त्यास कळेल.

ते समयी राज्यास दोन शत्रू होते. एक जंतू, जे बाहेरून येऊन जखमेवाटे, श्वासावाटे देहाचा गड घेत. आणि दुसरा कर्करोग, तो घरभेद्या, आपल्याच देहातील पेशी फितूर होऊन आपल्याच देहावर उठत. जुनी औषधे पूर्वी जंतूंचा फडशा पाडीत, परंतु लोकांनी ती सर्दीपडशासही खाल्ली, आणि कोंबड्यांस दाण्यातून चारली, आणि जंतूंनी ती हत्यारे ओळखून घेतली, मग ती चालेनाशी जाहली. सौदागरांस नवे औषध करा म्हटले तर ते म्हणत, जे चार दिवसांत रोगी बरा करिते त्यात बरकत ती कसली. म्हणोन महाराजांनी अर्ककारखाना घातला, आणि हुकूम केला की पाला, मुळी, साल, शिंपला, जे जे ईश्वराने निर्मिले ते ते कुटून अर्क काढावा आणि दोन्ही शत्रूंवर घालून पाहावा. कारखान्यावर मैनाबाई तोरसकर यांस नेमिले. बाई कामास चोख, बोलण्यास कमी, आणि खरे लिहावयाचे तर घरच्या भांड्यांचे कामी आळशी. त्यांची रीत ऐसी की काचेच्या ताटलीत खळ ओतून तीत जंतूंची वस्ती करावी, मध्ये अर्काचा थेंब ठेवावा, आणि दुसरे दिवशी पाहावे. थेंबात दम असला तर त्याभोवती स्वच्छ रिंगण पडे, नसला तर जंतू थेंबाला खेटून बसत. वर्षानुवर्षे रिंगण पडले नाही. फितूर पेशींवरही तोच प्रकार. बाई रोज ताटल्या पाहत आणि रोज घरी जात.

आणि त्या राज्यात एक रिवाज होता. कोणे एके काळी कोणा महाराजांचे ताटी भाजीत अळी निघाली, तेव्हापासून सरकारात येणारा हरएक जिन्नस तीन पाण्यांनी धुवावा, कुंच्याने घासावा, आणि सावलीत वाळवून मगच पुढे द्यावा, ऐसे ठरले. अळी मेली, महाराज गेले, रिवाज राहिला. अर्ककारखान्याची मुळीसालही औषधखात्याचे दिवाण निळकंठराव यांचे धुणावळखान्यातून घासूनपुसून येई, आणि त्यात काही वावगे आहे ऐसे कोणास वाटले नाही, मैनाबाईंसही नाही.

ऐसे असता मैनाबाईंची थोरली नणंद गोदूबाई, जी ओहोटीस खडकावरची कालवे काढून विकत असे, तिची नडगी कालवाच्या शिंपल्याच्या धारेने कापली. जखम चिघळली आणि पाय काळानिळा पडू लागला. दवाखान्यात होती नव्हती ती औषधे घातली, एकही लागू पडेना. मग राजवैद्य म्हणाले, रथसप्तमी होताच पाय गुडघ्याखाली कापून उतरवावा, नाही तर जीव जाईल. मैनाबाई पाहावयास गेल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, फार दुखते का?"

"नाही, गुदगुल्या होतात," गोदूबाई म्हणाली. "इतकी शिकलीस वहिनी, तुझ्या त्या ताटल्यांत माझ्या पायापुरते काही आहे का?"

"अजून नाही."

"मग काय आहे?"

"जंतू."

"ते माझ्यापाशीही आहेत," ऐसे बोलून ती हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एका पायावर बगळा उभा राहतो ग, बाई नाही राहत. खडकावर मी कशी उतरू?"

मैनाबाईंनी जखमेतील पू काडीवर घेतला, आणि तेच जंतू ताटल्यांत पेरले, आणि नणंदेची टोपली खडकावर राहिली होती ती आणावयास ओहोटीस गेल्या. तेथे त्यांनी पाहिले की सर्व खडक शंखशिंपल्यांनी भरला आहे, एकमेकांचे अंगावर वस्ती आहे, परंतु जो पिवळट, मऊ, छिद्राछिद्रांचा गोळा खडकास धरून राहतो, ज्यास लोक स्पंज म्हणतात, त्याजवर कोणी बसले नाही आणि त्यास कोणी खाल्ले नाही. बाईंनी विचार केला, यास कवच नाही, दात नाही, पळावयास पाय नाही, आणि तरी सारे बिचकून आहेत, तर याजपाशी हत्यार असलेच पाहिजे. मग एक गोळा कापून जेवणाच्या डब्यात घातला, आणि तैसाच कारखान्यात नेऊन कुटला. दुसरे दिवशी ताटलीत रुपयाएवढे रिंगण. बाई त्या रिंगणाकडे पाहत राहिल्या आणि दुपारचे जेवण विसरल्या.

वर्दी दिवाणांस गेली. निळकंठराव म्हणाले, "बाई, ऐसे मोठे काम कोपऱ्यात करू नये. महाराजांसमोर करू. माल आम्ही आणवितो." मग होड्या गेल्या, टोपल्या भरून स्पंज आले, धुणावळखान्यात तीन पाण्यांनी धुतले, कुंच्याने घासले, पांढरेशुभ्र केले, वाळविले, आणि चांदीच्या तबकात घालून पाठविले. भरदरबारी ताटली उघडली, तो जंतू थेंबाचे चहूकडे दाटीने बसलेले, रिंगणाचा मागमूस नाही.

"बाई," निळकंठराव म्हणाले, "हे तर जंतूंचे हळदीकुंकू दिसते." दरबार हसला. "पहिले रिंगण बोटाने पुसून केले होते काय?"

मैनाबाई म्हणाल्या, "पुसून केलेले रिंगण ओळखण्याइतकी विद्या आपल्या खात्यात असती, तर हा प्रश्न आपण विचारला नसता." ऐसे बोलल्यावर जे व्हावयाचे ते जाहले. महिनाअखेर कारखान्याची किल्ली परत करावी, ऐसा हुकूम निघाला. रथसप्तमी त्याचे आधी येत होती.

बाई थेट दवाखान्यात गेल्या आणि हातातला जेवणाचा डबा खाटेखाली ठेविला. गोदूबाईने नाक धरिले. "हा डबा कधीचा धुतला नाहीस ग? कालवे सडली तरी इतका वास येत नाही. झाकणाला बघ काय बुळबुळीत लागलंय. माझ्या भावाला याच डब्यातून घालतेस काय?"

"तुमचा भाऊ आपला डबा आपण भरतो, वन्सं," मैनाबाई बोलल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. पहिला गोळा या डब्यातून गेला होता, आपल्या बुळबुळीसह. दुसरे गोळे घासून आले. मग हत्यार स्पंजाचे, की स्पंजाचे अंगावर राहणाऱ्याचे? त्यांनी डबा उचलला आणि पदराखाली धरून निघाल्या. नणंद मागून म्हणाली, "अग, धुवायला सांगितला, पळवायला नाही."

झाकणाचे खाचेतील बुळबुळ नव्या खळीवर लाविली, त्यातून खडूच्या भुकटीसारखे पांढरे ठिपके उगवले, आणि त्यांस नांगरलेल्या ओल्या मातीचा वास होता. ते ठिपके जिवंत होते. त्यांचा अर्क काढून ताटलीत घातला तो रिंगण पडले, पहिल्याहून मोठे. मग उंदरांवर लाविला, उंदीर धडधाकट राहिले. मग बाईंनी रिवाज मोडिला. रथसप्तमीचे आदले दिवशी ताटल्या आणि न धुतलेला डबा घेऊन दरबारी उभ्या राहिल्या, आणि मानकऱ्यांनी शेले नाकास लाविले.

महाराज म्हणाले, "हे काय आणिले?"

"घाण आहे, महाराज."

"आणि औषध?"

"तेच. ते स्पंजावर राहते आणि त्याचे रक्षण करिते. आपण त्यास धुऊन रिकामे घर तबकात मांडले."

निळकंठराव म्हणाले, "परंतु रिवाज..."

महाराजांनी ताटली उजेडात धरिली. रिंगण आरपार दिसत होते. त्यांनी ते दिवाणांस दाखविले आणि म्हणाले, "याजवर काय म्हणता?" मग राजवैद्यांस हुकूम जाहला की रोगिणीची मर्जी असल्यास पाय उतरविणे थांबवून हा लेप लावावा. गोदूबाईस विचारले. ती म्हणाली, "वहिनीच्या डब्यातले आहे म्हणता? लावा. त्यात जे जगले ते कशालाही पुरून उरेल." लेप लाविला. ताप उतरला, काळे होते ते लाल जाहले. दोन बोटे गेली, पाय राहिला.

आता हा दरबार आहे, म्हणोन गोष्ट येथे थांबली नाही. किल्ली मैनाबाईंपाशी राहिली, परंतु फत्तेचा मान निळकंठरावांस मिळाला, आणि त्यांनी ठरविले की ज्या खडकावर औषध सापडले त्याचा सरकारी सन्मान करावा. खडक घासून लख्ख करावा, चुना द्यावा आणि वर संगमरवरी पाटी बसवावी. फाल्गुनात ओहोटीस शिपाई कुंचे आणि चुन्याची घमेली घेऊन गेले. खडकावर गोदूबाई बसली होती, शेजारी टोपली, आणि आठ बोटांचे दोन पाय पुढे पसरलेले.

जमादार म्हणाला, "आज्जे, उठ. हा खडक सरकारी हुकमाने धुवायचा आहे."

"धू की," ती म्हणाली. "त्याआधी हा पाय कापून ने. खडकाचाच आहे तो."

जमादार पायाकडे पाहत राहिला. भरती लागली, शिपायांचे गुडघ्यांपर्यंत पाणी आले, आणि ते घमेली घेऊन परतले. दुसरे दिवशी आले, ती होतीच. तिसऱ्या खेपेस कोणी आले नाही.

तात्पर्य. एका जंतूवर औषध सापडले, ते मैनाबाईंचे ताटल्यांत जिवंत आहे. कर्करोगावर तोच अर्क घालून पाहिला, चालला नाही. फितूर पेशी जैशाच्या तैशा बसल्या. मग बाईंनी इतकी वर्षे वाया गेलेली मुळीसाल पुन्हा मागविली, रानातून जैसी निघते तैसी, मातीसकट. निळकंठरावांचे धुणावळखान्याची मोरी आजही समुद्रास मिळते, आणि कोणा मुळीवरील, कोणा सालीवरील, कोणाचे जिवाचे काय काय त्या मोरीतून स्वच्छपणे वाहून गेले, त्याची बखर कोण लिहिणार? इति.